पद्मिनीला ‘रेसिंग’ पॅड बसवले, तरी ब्रेक का लागत नाहीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आपण घेतली. आधीच्या मालकाने तिच्या पुढच्या चाकांना नंतरच्या काळातील एका गाडीचे डिस्क ब्रेक बसवून घेतले होते, मागे मूळचेच ड्रम आहेत आणि पायाचा जोर वाढवून देणारा बुस्टर नाही. आपण चढणीच्या स्पर्धांत ती उतरवता आणि वर्षातून एकदा ट्रॅकवरही नेता. त्यासाठी आपण परदेशी बनावटीचे महाग ‘रेसिंग’ पॅड, म्हणजे डिस्कवर दाबून वेग उतरवणारे घर्षणाचे ठोकळे, मागवले, पण आता पहिल्या दोन-तीन वळणांवर ब्रेक लागल्यासारखेच वाटत नाहीत, घाट उतरताना पुढच्या चाकांतून धूर आणि जळका वास येतो, आणि काही दिवसांतच ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरू लागले आहे. यापेक्षा चांगला ब्रँड कोणता, असे आपण विचारले आहे.

फोंड्यात माझे छोटे गॅरेज आहे आणि गेली अठ्ठावीस वर्षे मी मुख्यतः जुन्या गाड्यांचे, त्यातही स्पर्धेत धावणाऱ्या जुन्या गाड्यांचे ब्रेक पाहत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या तीन तक्रारींची कारणे बहुधा तीन वेगवेगळी आहेत आणि ब्रँड बदलून त्यांपैकी एकही पूर्णपणे जाणार नाही. आपण विकत घेतलेले पॅड वाईट नाहीत. ते आपल्या गाडीच्या कामासाठी नाहीत, आणि ज्या रीतीने ते बसवले गेले त्या रीतीने चांगले पॅडही बिघडले असते. आपल्या डिस्क प्रत्यक्षात किती तापतात, हा पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाल्यावर पॅडची यादी आपोआप लहान होते, आणि मग ते पॅड डिस्कवर नीट बसवून घेण्याचे, म्हणजे ठरवून तापवत डिस्कशी जुळवून घेण्याचे, काम उरते, ज्याकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

काही गोष्टी गाडी समोर पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. कोणत्या गाडीचे कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) आणि डिस्क बसवल्या आहेत, पॅडलच्या जोराने ब्रेक ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर मूळचा आहे की बदलला आहे, टायर कोणते आहेत, मागच्या लायनरची, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांची, अवस्था काय आहे, यांवर बरेच अवलंबून आहे. शिवाय आपण ज्या स्पर्धेत उतरता तिची नियमावली डिस्कच्या या बदलाला परवानगी देते का, हेही पाहून घ्यावे. मोटरस्पर्धांची जागतिक संघटना असलेल्या एफआयएच्या परिशिष्ट के नुसार चालणाऱ्या ऐतिहासिक गाड्यांच्या स्पर्धांत गाडी तिच्या काळात होती तशीच असावी लागते आणि मागाहून केलेला असा बदल तिथे अडतो. आपल्याकडील खुल्या वर्गांत तो अनेकदा चालून जातो. नियम आड येत असतील तर पॅडवर पैसे घालवण्यापूर्वीच ते कळलेले बरे.

आता उष्णतेचा हिशेब पाहू, कारण बाकी सर्व त्यावर उभे आहे. पद्मिनीचे वजन नऊशे किलोच्या आसपास. चालक, सहचालक आणि पेट्रोल धरून अकराशे किलो समजू. ही गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवायची म्हणजे साधारण २.७ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता करावी लागते. त्यातील सत्तर टक्के पुढच्या दोन चाकांवर जाते असे धरले आणि प्रत्येक डिस्क चार किलोची मानली, तर एका वेळच्या ब्रेकने डिस्कचे तापमान सुमारे ५० अंश सेल्सिअसने वाढते. मध्ये वारा लागायला वेळ मिळाला तर त्यातील बरेचसे निघून जाते, नाही मिळाला तर ते साठत जाते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, म्हणून ट्रॅकवरचा सरळ रस्ता जितका लांब, तितके त्याच्या टोकाशी असलेले वळण ब्रेकला जड.

चढणीच्या स्पर्धेत मात्र काय होते ते पाहा. गाडी थंड ब्रेक घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभी असते, स्पर्धा काही मिनिटांत संपते, आणि रस्ता चढाचा असल्यामुळे वेग कमी करण्याचे थोडे काम चढच करून देतो. म्हणजे ज्या दोन-तीन मिनिटांसाठी आपण एवढी तयारी करतो त्या वेळात आपल्या डिस्क फारशा तापतच नाहीत. मी अशा गाड्यांच्या डिस्क वर पोचल्याबरोबर तापमापकाने पाहिल्या आहेत; हलक्या गाडीत दोनशे अंशांच्या वर आकडा गेलेला मला क्वचितच दिसला. शुद्ध शर्यतीचे पॅड या तापमानाला नुकते कुठे काम सुरू करत असतात. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर हेच पॅड पहिल्या फेरीनंतर उत्तम काम देतील, कारण तिथे प्रत्येक फेरीत त्यांना उष्णता मिळत राहते. चढणीवर पहिले वळण हेच आपले सर्वांत महत्त्वाचे वळण असते आणि तिथेच ते पॅड झोपलेले असतात. आपली पहिली तक्रार ही एवढीच आहे.

उतरताना चित्र उलटे होते. समजा आपण ५०० मीटर उंची उतरून खाली आलात. गाडीची जी ऊर्जा त्यात सुटते ती ५४ लाख ज्यूलच्या जवळ जाते, म्हणजे ताशी ८० किलोमीटरवरून जवळजवळ वीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी. इंजिन आणि वारा त्यातला मोठा वाटा घेऊ शकतात, पण आपण वरच्या गिअरमध्ये, पुढच्या गाडीच्या मागे रांगेत, पॅडलवर हलका पाय ठेवून उतरत असाल, तर तो सारा वाटा ब्रेकच्या पदरी येतो. शिवाय वेग कमी असल्याने डिस्कला वाराही लागत नाही. म्हणून चढणीच्या स्पर्धेतील गाडीचे पॅड खरे जळतात ते स्पर्धा संपल्यावर, परतीच्या वाटेवर. अनमोड किंवा चोर्ला घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या ट्रकचालकांची शिस्त जुन्या गाडीलाही पुरेपूर लागू आहे. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा थोडा वेळ नीट दाबून वेग उतरवावा आणि मग पूर्ण सोडून द्यावा, म्हणजे डिस्कला श्वास मिळतो.

हे लक्षात घेता आपल्या गाडीला असे पॅड हवेत जे थंड असतानाच पकड घेतात, तीनशे-चारशे अंशांपर्यंत ती टिकवतात आणि पाय हलका-जड केला तर तसाच हलका-जड प्रतिसाद देतात. पॅड बनवणारे या वर्गाला वेगवान रस्ता आणि हलकी रॅली अशा नावाने ओळखतात; मिंटेक्सचा एम ११४४ किंवा फेरोडोचा डीएस २५०० हे या वर्गातील जुने, माहितीतले कंपाउंड, म्हणजे पॅडच्या द्रव्याचे प्रकार, आहेत. आपल्या कॅलिपरच्या मापात ते मिळतील की नाही हे कॅलिपर कोणता आहे यावर ठरेल. न मिळाल्यास, ज्या गाडीचा कॅलिपर आहे तिच्या कारखान्याला पॅड पुरवणाऱ्या कंपनीचे साधे पॅडही चढणीसाठी चुकीचे नाहीत. आपल्याकडे ब्रेक्स इंडिया, राणे किंवा अलाइड निप्पॉन यांचे साधे पॅड लावून, पण नीट बसवून घेऊन धावणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांचे चालक समाधानी होते. आपल्या जागी मी असतो तर आधी तेच करून पाहिले असते, कारण त्यात खर्च कमी आहे आणि गाडीची मूळ अवस्था कळते.

पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर बऱ्याचदा इंग्रजी दोन अक्षरे छापलेली असतात, उदाहरणार्थ ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’. पहिले अक्षर साधारण तापमानाचा घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, सांगते, दुसरे तापलेल्या अवस्थेतील. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो एवढा अर्थ त्यातून निश्चित निघतो. मात्र ही चाचणी पॅडच्या लहानशा तुकड्यावर होते आणि तिचे तापमान शर्यतीच्या तापमानापेक्षा पुष्कळ कमी असते, म्हणून ही अक्षरे केवळ प्राथमिक चाळणी समजावीत. अक्षरेच नाहीत, बनवणाऱ्याचे नाव नाही, असा पॅड स्पर्धेच्या गाडीला मी लावत नाही, मग तो कितीही स्वस्त असो. जुन्या पत्र्यावर नवे द्रव्य चिकटवून देणारेही काही जण असतात. ड्रमचे लायनर रिव्हेट मारून बसवून घेणे ही आपल्याकडची जुनी आणि योग्य पद्धत आहे, पण डिस्क पॅडचे द्रव्य पत्र्यावर दाबाखाली आणि भट्टीत पक्के करावे लागते, ते काम गॅरेजच्या शेजारी होत नाही.

बुस्टर नसल्याने आपल्या गाडीत घर्षणांकाला अधिक महत्त्व आहे. घर्षणांक ०.३५ वरून ०.४५ झाला, तर तेवढ्याच ब्रेकसाठी पायाला साधारण बावीस टक्के कमी जोर लागतो. दिवसभर गाडी चालवताना हा फरक पायाला जाणवतो. पण त्याची दुसरी बाजूही आहे. पुढचे आणि मागचे ब्रेक मिळून काम करतात, आणि केवळ पुढचे पॅड बदलले की त्यांचा परस्परांतला वाटा बदलतो. समजा आज पुढचा वाटा ६५ टक्के आहे आणि आपण पुढच्या पॅडचा घर्षणांक ०.३८ वरून ०.४८ केला, पुढचा वाटा जवळजवळ ७० टक्क्यांवर जातो. पुढची चाके आधी अडकतील, गाडी सरळ घसरेल. ही चूक त्यातल्या त्यात सुरक्षित दिशेची आहे. उलट, पुढे आपल्यासारखे थंडीत न चालणारे पॅड आणि मागे नवे, चांगली पकड घेणारे लायनर असतील, तर पहिल्याच वळणावर मागची चाके आधी अडकतात आणि मागच्या चाकांनी ढकलली जाणारी ही गाडी गर्रकन फिरते. म्हणून मागचे लायनर कोणते आहेत, ते ड्रमला पूर्ण टेकतात का, आणि त्यांचे अंतर नीट लावलेले आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढच्या पॅडचा निर्णय करू नये.

आता धुराकडे येतो, कारण ही तक्रार मला सर्वांत अधिक चिंतेची वाटते. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये किंवा त्याच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पाय काढल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवतो. ड्रमच्या शूला (लायनर ज्यावर बसवलेले असते तो वाकडा पत्रा) मागे खेचायला स्प्रिंग असल्याने त्या दाबाने काही बिघडत नाही. डिस्कच्या पॅडला तशी स्प्रिंग नसते. पॅड दाबणाऱ्या पिस्टनला त्याचा रबरी सील किंचित मागे ओढतो, तेवढेच. त्यामुळे ड्रमसाठी बनवलेला मास्टर सिलिंडर तसाच ठेवून पुढे डिस्क बसवल्या, तर पॅड डिस्कला सतत घासत राहतात, गाडी ओढल्यासारखी चालते आणि न दाबलेले ब्रेकही तापतात. असे बदल केलेल्या तीन-चार गाड्या माझ्याकडे हीच तक्रार घेऊन आल्या होत्या आणि दोघांनी तोपर्यंत पॅडचे दोन-दोन संच बदललेले होते. तपासणी सोपी आहे. दहा-बारा किलोमीटर सपाटीवर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून गाडी चालवावी, पुढचे चाक जॅकवर उचलावे आणि हाताने फिरवून पाहावे. चाक जड फिरत असेल तर कॅलिपरचा ब्लीडर नट किंचित सैल करावा. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले तर दाब लाइनमध्ये अडकलेला आहे. तरीही मोकळे झाले नाही तर पिस्टन गंजून अडकला आहे किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम झाल्या आहेत, आणि आपल्या खाऱ्या हवेत ही शक्यताही काही कमी नाही. हा दोष काढल्याशिवाय कोणताही नवा पॅड त्या कॅलिपरमध्ये घालू नये, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

ब्रेक ऑइलविषयीही येथेच सांगतो. ते हवेतील पाणी शोषून घेते आणि गोव्याचा पावसाळा चार महिन्यांचा असतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी शिरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. पॅडमधून पिस्टनकडे जाणारी उष्णता तेवढे तापमान सहज गाठते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या स्पर्धेच्या गाड्यांचे ऑइल मी दरवर्षी चतुर्थीनंतर, हंगाम सुरू होण्यापूर्वी, पूर्ण बदलतो आणि उघडलेला डबा पुढच्या खेपेसाठी ठेवत नाही. ब्रेक गेल्यासारखे वाटले तेव्हा पॅडल कसे होते हे आपण आठवून पाहा. पॅडल खोल, मऊ, पोकळ जात असेल तर ऑइल उकळले किंवा लाइनमध्ये हवा आहे. पॅडल दगडासारखे कडक असूनही गाडी थांबत नसेल तर दोष पॅड आणि डिस्क यांच्यामधल्या पृष्ठभागात आहे.

दुसऱ्या प्रकारचा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे आणि तो विसरणे शक्य नाही. धंद्यात पडून मला चारच वर्षे झाली होती. घाटावरच्या एका स्पर्धेसाठी जाणाऱ्या गाडीला मी आदल्या संध्याकाळी नवे पॅड लावले, गॅरेजच्या गल्लीत दोनदा ब्रेक मारून पाहिले आणि गाडी चांगली आहे असे सांगितले. स्पर्धा झाली, थंड पॅडवर ती निभावली, आणि परत येताना अनमोडहून मोलेकडे उतरताना मी चालकाच्या शेजारी बसलो होतो. तिसऱ्या की चौथ्या वळणावर पॅडल कडक झाले आणि गाडी वेग सोडेना. चालकाने दुसरा, मग पहिला गिअर टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराला घासत थांबवली. समोरून खनिजाचा ट्रक येत होता. कोणालाही इजा झाली नाही. नव्या पॅडमध्ये सर्व घटकांना बांधून ठेवणारी राळ असते, ती पहिल्यांदा खूप तापली की तिच्यातून वायू बाहेर पडतो आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्याची पातळ गादी तयार होते. पॅड त्या गादीवर तरंगतो. ही पहिली उष्णता पॅडला आपण ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या रीतीने द्यायची असते. ती त्याला घाटात मिळाली, कारण मी ते काम केले नव्हते. त्या दिवसापासून पॅड बसवून घेतल्याशिवाय मी गाडी मालकाच्या ताब्यात देत नाही.

पॅड बसवून घेणे म्हणजे नेमके काय? एक तर वर सांगितलेला वायू निघून जातो. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे पॅडच्या द्रव्याचा अतिशय पातळ, सारखा थर डिस्कवर चढतो. पॅड तापलेला असताना ब्रेकचे बरेचसे काम पॅडचे द्रव्य आणि डिस्कवरचे तेच द्रव्य यांच्या चिकटण्या-सुटण्यातून होते. हा थर सारखा असेल तर पॅडल शांत राहते. तो एके ठिकाणी जाड, एके ठिकाणी पातळ बसला तर प्रत्येक फेऱ्यात पकड कमी-जास्त होते आणि स्टिअरिंग थरथरते. लोक याला डिस्क वाकली म्हणतात. माझ्याकडे वाकली म्हणून आलेल्या बहुतेक डिस्क वाकलेल्या नव्हत्या, त्यांच्यावर पॅडचे डाग होते. तापलेला ब्रेक दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. त्या डागावर पुढे अधिक उष्णता साठते, आणि तापमान सातशे अंशांच्या आसपास गेले तर तिथल्या बिडाची रचनाच बदलून तो भाग कठीण होतो. मग लेथवर पुसटसे टर्निंग करूनही थरथर काही दिवसांनी परत येते. डिस्कवर निळसर काळे ठिपके खोलवर दिसत असतील तर त्या डिस्क बदलाव्यात.

आपल्या डिस्कवर आधीच्या मालकाच्या पॅडचा थर होता, त्यावर नव्या कंपाउंडचे पॅड चढले, ते कधी पुरेसे तापलेच नाहीत म्हणून थंडीत कानसेसारखे डिस्क खरवडत राहिले, आणि उतरताना एकदम तापून त्यांचे ठिगळ बसले. थरथरण्याचे माझे अनुमान असे आहे. ते पक्के करण्यासाठी डायल गेज लावून डिस्कची डोलणी, म्हणजे फिरताना ती बाजूला किती हलते ते, मोजावी. ०.१० मिलिमीटरपेक्षा अधिक असेल तर डिस्क काढून हबवरचा गंज साफ करावा आणि पुन्हा मोजावे. मी स्पर्धेच्या गाडीत ०.०५ च्या आत आणण्याचा प्रयत्न करतो. जुन्या हबला नव्या गाडीची डिस्क बसवताना मध्ये जी रिंग घालतात ती वाकडी कातलेली असणे, हे कारणही मला सापडलेले आहे.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. दर वेळी कंपाउंड बदलताना डिस्क १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत, दोन्ही बाजूंनी, जुना थर जाईपर्यंत घासावी आणि ब्रेक क्लीनरने पुसावी. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असते, तेही पूर्ण काढावे. कॅलिपर मोकळा, मागचे लायनर लावलेले, ऑइल नवे, एअर काढलेली, आणि गाडी हलवण्यापूर्वी पॅडल दोन-चार वेळा दाबून पॅड डिस्कला आणलेले असावेत. जागा सपाट आणि वाहतुकीला बंद असलेली हवी. सार्वजनिक रस्त्यावर हे करू नये, कारण मागून येणाऱ्याला आपण वारंवार का थांबतो हे कळणार नाही, आणि घाटात तर मुळीच करू नये, कारण सतत घासत उतरल्याने पॅड बसत नाही, त्याच्यावर काचेसारखी चकाकी येते. ओल्या रस्त्यावरही नको. मी हे काम हिवाळ्यात, पहाटे, आयोजकांनी सरावासाठी बंद केलेल्या जागी करतो.

सुरुवातीला ताशी ५० वरून २० पर्यंत, हलक्या पायाने, दहा वेळा वेग उतरवायचा. दोन वेळांमध्ये साधारण तीनशे मीटर जाऊ द्यायचे. यात डिस्क आणि पॅड दोन्ही हळूहळू गरम होतात आणि पॅडचा पृष्ठभाग डिस्कशी जुळतो. मग ताशी ८० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडे अधिक जोराने, पण चाक अडकू न देता. दोन वेळांमध्ये वीस-तीस सेकंद, त्याहून अधिक नाही, कारण येथे उष्णता साठायलाच हवी आहे. सहाव्या-सातव्या वेळी जळक्या राळेचा वास येईल आणि पॅडल कडक असूनही पकड किंचित ढिली वाटेल. ती घाबरण्याची गोष्ट नाही, वायू निघत असल्याची खूण आहे. एक-दोन वेळा आणखी करून थांबवावे. या सर्व काळात गाडी एकदाही पूर्ण उभी करू नये. लगेच आठ-दहा किलोमीटर, ब्रेक जवळजवळ न वापरता, गाडी शांतपणे चालवावी आणि मग उभी करून चाकाला दगड लावावा. हँडब्रेक ओढू नये आणि पॅडलवर पाय ठेवू नये. गाडी पूर्ण थंड होईपर्यंत, म्हणजे निदान तास-दीड तास, तिला हात लावू नये. त्या थंड होण्यात राळ पक्की होते; तेवढ्यातच गाडी पुन्हा पळवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे काम अर्धे राहते.

थंड झाल्यावर डिस्क पाहावी. सर्वत्र सारखी, राखाडी-निळसर छटा आणि रेषा-डाग नाहीत, तर काम झाले. अर्धी डिस्क चकचकीत आणि अर्धी मळकट दिसत असेल तर दुसरी फेरी द्यावी. शर्यतीच्या पॅडला यापेक्षा बरीच अधिक उष्णता लागते, काही पॅड कारखान्यातूनच तापवून येतात, आणि धातूची पूड दाबून बनवलेल्या पॅडची रीत वेगळी असते. म्हणून पॅडच्या खोक्यातला कागद माझ्या आकड्यांपेक्षा मोठा मानावा.

तापमान मोजायला मोठी साधने लागत नाहीत. डिस्कच्या कडेवर लावायचा तापमानदर्शक रंग मिळतो. प्रचलित संचात हिरवा रंग ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि तांबडा ६१० ला बदलतो. आपल्या चढणीच्या दिवसानंतर हिरवा तसाच राहिला तर आपल्याला शर्यतीच्या पॅडची गरज नाही, हे निर्विवाद ठरेल. ट्रॅकच्या दिवशी तो बदलला आणि नारिंगी राहिला, तर त्या दिवसासाठी एक पायरी वरचा पॅड घ्यावा. दोन्ही कामांना एकच पॅड चालवण्याच्या हट्टापेक्षा दोन संच आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या डिस्क ठेवणे मला अधिक योग्य वाटते. एका संचाचा थर दुसऱ्याच्या आड येत नाही आणि प्रत्येक वेळी नव्याने बसवून घ्यावे लागत नाही. आपले आताचे महाग पॅड त्यामुळे वायाही जाणार नाहीत.

गोव्यातल्या गाडीसाठी दोन-तीन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात. जून ते सप्टेंबर गाडी उभी राहिली की डिस्कवर गंज चढतो आणि पॅडखालच्या भागाचा वेगळा ठसा उरतो. धातू मिसळलेले पॅड तर डिस्कला चिकटूनही बसतात. पावसाळ्यात मी पॅड काढून कोरड्या डब्यात ठेवायला सांगतो आणि हँडब्रेक ओढून ठेवू नका असे बजावतो, कारण लायनर ड्रमला धरून बसतात. हंगामाच्या सुरुवातीला डिस्क पुसून पॅड पुन्हा बसवून घ्यावेत. चिऱ्याच्या जमिनीची तांबडी धूळ ड्रममध्ये साचते आणि लायनर व ड्रम दोन्ही खाते. ती काढताना कंप्रेसरची हवा मारू नये. मडगाव-म्हापशाच्या जुन्या दुकानांत पद्मिनीचे जुन्या साठ्यातले लायनर अजून हाती लागतात आणि त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ड्रम पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओला करून, तोंडावर योग्य मास्क लावून, फडक्याने पुसावा आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. गॅरेजमधल्या मुलांना हे सांगण्याची जबाबदारी गाडीच्या मालकाचीही आहे.

तेव्हा आपण या क्रमाने जावे असे सुचवतो. या आठवड्यात चाक उचलून पॅड घासतात का ते पाहा आणि मास्टर सिलिंडरवरचा क्रमांक टिपून ठेवा. ऑइल बदला, डोलणी मोजा, डिस्क घासून घ्या किंवा बदला. मग साधे पॅड लावून ते वरच्या रीतीने बसवून घ्या, डिस्कच्या कडेवर रंग लावा आणि एक चढणीची फेरी पूर्ण करून, घाट खालच्या गिअरमध्ये उतरून या. रंगाचे काय झाले, पॅडल मऊ झाले की कडक, आणि पुढची चाके आधी अडकली की मागची, एवढे मला कळवलेत तर पुढचा पॅड कोणता घ्यावा हे मी आपल्याला नावानिशी सांगू शकेन.